बुडबुडे हवेत की नकोत?

‘अरे, बंद कर ना तो पंप! डोक्यात जातो आवाज.’

पुण्यात आम्ही चौघांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या फ्लॅटवर रात्री साडेअकराला रोज हाच डायलॉग. दोन फुटी टँक, त्यात आठ गोल्डफिश, तळाशी एक एअर स्टोन आणि त्याला हवा पुरवणारा, टेबलावर घुर्रर्र करत थरथरणारा पंप. फिल्टर वगैरे काही नाही. एकदा दुसऱ्या दिवशी इंटर्नल होती म्हणून एकाने बटण बंद केलं. सकाळी उठून बघतो तर सहा मासे पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करतायत आणि दोन आडवे तरंगतायत. पंप सुरू केल्यावर तासाभरात ते सहा सावरले. दोन गेले ते गेलेच.

त्या दिवशी कट्ट्यावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, ‘पंपाशिवाय मासे जगूच शकत नाहीत.’ दुसरी म्हणे, ‘काहीही! माझ्या मावशीच्या टँकला पंपच नाही, तिचे गप्पी दोन वर्षं मजेत आहेत.’ गंमत म्हणजे दोघंही अर्धे बरोबर होते.

खरा खेळ वरच्या थराचा

मासा बुडबुडे खात नाही. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तो कल्ल्यांवाटे घेतो आणि हा साठा मुळातच तुटपुंजा असतो. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर गोड्या पाण्यात मात्र २० अंश सेल्सिअसला जेमतेम ९ आणि ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच मावतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये पाणी तापलं की साठा घटतो आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते.

हा ऑक्सिजन पाण्यात येतो मुख्यतः वरून, पाणी आणि हवा जिथे एकमेकांना भिडतात तिथून. बुडबुडा तळापासून वर यायला एक-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात त्याच्यातला फारच थोडा ऑक्सिजन पाण्यात उतरतो. पण वर येताना तो तळाचं पाणी सोबत आणतो आणि पृष्ठभाग ढवळतो. पंपाचं खरं काम हेच! त्यामुळे मागे लटकवलेल्या फिल्टरची धार जर पाणी नीट हलवत असेल आणि मासे मोजकेच असतील, तर वेगळा पंप नसला तरी चालतं. मावशीचे गप्पी लहान, संख्येने थोडे आणि तिच्या फिल्टरची धार चांगली. आमचे गोल्डफिश मोठे, खादाड, पाणी घाण करण्यात एक नंबर आणि पाणी हलवणारी एकच गोष्ट, तीही आम्ही बंद केलेली.

टँकचा आकारही महत्त्वाचा. उंच, निमुळत्या भांड्यापेक्षा तेवढंच पाणी पसरट टँकमध्ये जास्त हवा घेतं. गोल बाउल तोंडापर्यंत भरला तर हवेला भिडणारा भाग उलट कमी होतो. तो सगळ्यात रुंद असतो तिथपर्यंतच भरावा.

‘पण फायटर तर छोट्याशा बाउलमध्येही जगतो!’ हो, कारण फायटर आणि गुरामी वर येऊन थेट हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतात. त्यांना पंपाची फारशी गरज नसते. लांब परांच्या फायटरला तर जोराच्या प्रवाहाचा त्रासच होतो. पण घाण पाण्यापासून ही खुबी त्यालाही वाचवत नाही, त्यामुळे बाउल हे काही त्याचं आदर्श घर नव्हे.

रात्र वैऱ्याची असते

‘टँकमध्ये झाडं आहेत, मग पंप कशाला?’ हाही नेहमीचा प्रश्न. झाडं उजेडात ऑक्सिजन देतात. दिवा बंद झाला की तीही माशांसारखी ऑक्सिजन घेऊ लागतात. घाण पचवणारे जिवाणूही रात्रभर ऑक्सिजन वापरत असतात. उरलेलं खाणं तळाशी कुजत असेल तर खर्च आणखी वाढतो. म्हणून पहाटे साठा सर्वात कमी असतो. एकच वेळ पंप चालवायचा असेल तर तो रात्री चालवावा. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

मग पंप लावायचाच कधी? टँकमध्ये गर्दी असेल, उन्हाळा असेल, पाण्यात औषध टाकलं असेल किंवा वर तेलकट तवंग साचत असेल, तर नक्की लावा. आवाजाचा त्रास असेल तर पंपाखाली जाड स्पंज ठेवा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर वीज गेल्यावर टँकचं पाणी नळीतून उलटं पंपात येऊ शकतं. लाइट जाण्याचा त्रास असेल तर पॉवर बँकवर चालणारा यूएसबी पंप जवळ असू द्या. तोही नसेल तर मगाने टँकचंच पाणी काढून थोड्या उंचीवरून परत ओता. अधूनमधून हे करत राहिलात तरी मासे तग धरतात.

एक मात्र लक्षात ठेवा. पंप चालू असूनही सगळे मासे वर येऊन धापा टाकत असतील, तर पाण्यात अमोनिया वाढलेला असू शकतो. त्याने कल्ल्यांना इजा होते आणि तिथे नुसते बुडबुडे पुरत नाहीत. पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नवीन पाणी क्लोरीन काढलेलं आणि साधारण तेवढ्याच तापमानाचं हवं. खाणं एक दिवस बंद ठेवा.

आमच्या टँकमध्ये आता दोनच गोल्डफिश आहेत, बाकीचे चार एका मित्राच्या मोठ्या टँकमध्ये गेले. मागे फिल्टर लटकवलाय आणि पंप स्पंजवर बसलाय. इंटर्नल्स अजूनही असतात, पण बटणाला कुणी हात लावत नाही. तुमच्याकडेही टँक असेल तर आज झोपण्याआधी त्यातल्या पाण्यावर एक नजर टाका. वरचं पाणी हलतंय? मग खुशाल झोपा.