सोळाशे मीटर आणि मनाचं दुखणं

पहाटे पांढरकवड्याहून केळापूरच्या रस्त्याला लागलात, की पोलीस भरतीची पोट्टी पळताना दिसतील. 'काहून पळता रे?' विचारलं तर उत्तर एकच, 'ग्राउंड काढायचं हाय.' मन ठीक राहावं म्हणून पळतो, असं कुणी म्हणत नाही.

फर्स्ट इयरला माझे दोन विषय राहिले. मेसला जाणं बंद, दिवसभर झोप, रात्री छातीत धडधड. सुट्टीत घरी गेलो तेव्हा भरतीची तयारी करणारा आतेभाऊ रोज साडेपाचला दार वाजवायचा. पळायची इच्छा शून्य होती, पण दादा दारातून हलेचना!

नंतर वाचलं, की अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात १९९९ साली नैराश्याच्या १५६ रुग्णांवर १६ आठवडे प्रयोग झाला. काहींना गोळ्या, काहींना आठवड्यातून तीनदा व्यायाम, काहींना दोन्ही. शेवटी तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच. गोळ्यांचा गुण मात्र लवकर आला. अर्थात ते सगळे पन्नाशीचे आणि त्यापुढचे. आपल्या वयाचं काय? ११ ते १९ वर्षांच्या मुलांवरच्या १६ प्रयोगांचा आढावा २००६ मध्ये निघाला. फायदा दिसला, पण थोडा, आणि बरेच प्रयोग कच्चे होते. म्हणजे व्यायाम ही जादू नव्हे.

मला पटलेली गोष्ट धडधडीची. व्हायव्हाच्या आधी छाती धडधडते, घाम फुटतो, आणि 'आता काहीतरी होणार' या भीतीनं ती आणखी वाढते. पळतानाही हेच होतं. पण थांबलं की पाच मिनिटांत सगळं शांत. रोज पळून शरीराला कळतं, की धडधड म्हणजे संकट नव्हे. शिवाय उठणं, बाहेर पडणं, कुणाशी बोलणं हे आपोआप घडतं. पळवत नसेल तर भरभर चाला, सूर्यनमस्कार घाला, कबड्डी खेळा.

मात्र डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर पळायला लागलो म्हणून त्या बंद करायच्या नाहीत. दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर तेवढीही वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि असा मित्र दिसला तर 'व्यायाम कर' म्हणून निघून जाऊ नका. त्याच्या अंगात उठायचंच त्राण नसतं. दार वाजवा, सोबत न्या.

रेक्टर सरांना एक विनंती : हॉस्टेलचं गेट सकाळी सहाला उघडतं, ते साडेपाचला उघडलं तर बरं होईल. आम्ही सध्या सात जण आहोत.