बॅरिस्टर होण्याचे स्वप्न आणि उद्योगनगरीतील वकिली

बॅरिस्टर जयकर, बॅरिस्टर नाथ पै, बॅरिस्टर अंतुले... मराठी समाजात ही उपाधी नावाचाच एक भाग होऊन बसली. त्यामुळे पिंपरी, भोसरी वा चाकण परिसरातील एखाद्या मुलीने वकिलीचा विचार बोलून दाखविला, की घरातील वडीलधारी मंडळी आजही कौतुकाने 'आता बॅरिस्टर होणार' असे म्हणतात. मात्र भारतात बॅरिस्टर ही स्वतंत्र पदवी आता उरलेली नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने बॅरिस्टर, वकील, प्लीडर असे जुने भेद मोडीत काढून वकिलांचा एकच वर्ग निर्माण केला. आज न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार मिळतो तो सनदेने.

इंग्लंडमध्ये मात्र ही परंपरा कायम आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, ती तेथील चार 'इन्स ऑफ कोर्ट'पैकी एक. कायद्याची पदवी किंवा रूपांतर अभ्यासक्रम, इनचे सदस्यत्व, बार अभ्यासक्रम आणि त्यानंतर साधारण वर्षभराची उमेदवारी असा तो मार्ग आहे. तो खर्चिक आहेच. शिवाय परत आल्यावर केवळ त्या उपाधीवर येथील न्यायालयात युक्तिवाद करता येत नाही. परदेशी पदवीला भारतीय विधिज्ञ परिषदेची मान्यता, तिची पात्रता परीक्षा आणि सनद या पायऱ्या चढाव्याच लागतात.

सनदेपर्यंतचा मार्ग

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असे दोन पर्याय आहेत. खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुणांची अट आहे. राज्यातील महाविद्यालयांचे प्रवेश सामायिक प्रवेश परीक्षेतून, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे 'क्लॅट'मधून होतात. पुण्यात १९२४ साली स्थापन झालेल्या आयएलएस विधी महाविद्यालयासह अनेक संस्था उपलब्ध आहेत. पत्राद्वारे घेतलेली विधी पदवी सनदेसाठी चालत नाही, हे पाळीत काम करणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे नोंदणी करावी लागते. खुल्या प्रवर्गासाठी हे शुल्क ७५० रुपयांहून अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

दाराशीच असलेले काम

वकिली म्हणजे फौजदारी खटले, ही समजूत या पट्ट्यात तरी अपुरी ठरते. १९८९ चा टेल्कोतील आणि २०१३ चा बजाजच्या चाकण प्रकल्पातील संप अनेकांना आठवत असेल. बडतर्फी, कंत्राटी कामगारांचे हक्क, वेतनकरार हे येथील नित्याचे प्रश्न आहेत. २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी आलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. जुन्या निवाड्यांची जाण आणि नव्या तरतुदींचा अभ्यास, दोन्ही असणाऱ्या तरुण वकिलाला येथे वाव आहे. एक वेगळेपण मात्र समजून घ्यावे. औद्योगिक विवादात वकिलाला आपोआप प्रवेश नसतो. समेटाच्या कार्यवाहीत तो उभा राहू शकत नाही आणि न्यायाधिकरणापुढे प्रतिपक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी लागते. म्हणूनच सल्ला, करारांचे मसुदे आणि चौकशीची कागदपत्रे यांवरील प्रभुत्व येथे युक्तिवादाइतकेच मोलाचे ठरते.

दुसरे क्षेत्र जमिनीचे. औद्योगिक वसाहतीसाठी झालेले संपादन, मोबदला, वारसांचे हिस्से, सातबारा व फेरफाराच्या नोंदी यांवरून गावोगावी वाद आहेत. चाकण खेड तालुक्यात येत असल्याने तेथील पक्षकारांची वाट राजगुरुनगरच्या न्यायालयाकडे जाते. तिसरे क्षेत्र लघुउद्योजकांचे. मोठ्या कंपन्यांकडे अडकलेली बिले हे त्यांचे जुने दुखणे आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करावी लागतात. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. हा हक्क कागदावरून प्रत्यक्षात आणून देणारा वकील भोसरीतील वर्कशॉपवाल्याला हवाच असतो.

खरी कसोटी पहिल्या वर्षांची

या व्यवसायातील अवघड टप्पा परीक्षेनंतर सुरू होतो. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काम करताना पहिली काही वर्षे मिळकत तुटपुंजी असते. नवोदितांना शहरी भागात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ती बंधनकारक नाही. ज्या घरात वकिलीची परंपरा नाही, तेथे याच काळात मुले धीर सोडतात. पाच वर्षांच्या शुल्काची तजवीज करणाऱ्या पालकांनी त्यापुढील तीन वर्षांच्या घरखर्चाचाही हिशेब आधीच मांडायला हवा.

कंपनीच्या विधी विभागातील नोकरी हा स्थिर उत्पन्नाचा पर्याय आहे. परंतु पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. सनद स्थगित ठेवावी लागते. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनी तर हा निर्णय अधिकच विचारपूर्वक घ्यावा. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने पुन्हा आणली आहे.

तेव्हा प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी पिंपरीच्या किंवा राजगुरुनगरच्या न्यायालयात चार दिवस जाऊन बसावे, तरुण वकिलांशी बोलावे. तारखांमागून तारखा, संयम आणि अखंड वाचन यांची तयारी असेल, तर बॅरिस्टर या उपाधीची उणीव भासणार नाही. अडलेल्या कामगाराला, शेतकऱ्याला वा लघुउद्योजकाला आपल्या भाषेत कायदा समजावून सांगणारा माणूस हवा असतो आणि त्याची गरज या पट्ट्यात मोठी आहे.