दुष्काळ दाराशी येण्याआधी
(आरोग्य पान)

पावसाळा संपला की दुष्काळाची आठवण कुणालाच नको असते. पण दुष्काळाची तयारी करायची ती तेव्हाच. टँकर दारात आल्यावर भांडी घेऊन धावणे म्हणजे तयारी नव्हे. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही पाण्याचा विषय घेतला आहे. पाणी कमी पडले की आधी शेत वाळते हे खरे. पण त्याच्या मागोमाग घरातले मूल, गरोदर बाई आणि म्हातारे माणूस आजारी पडते, हे फार कमी वेळा बोलले जाते.

टिटवाळ्यात राहून दुष्काळाबद्दल का लिहायचे, असे कुणी विचारील. कारणे दोन. एक, मांडा-टिटवाळ्यापासून कसाऱ्यापर्यंतच्या आपल्या वस्त्यांतली कितीतरी घरे मराठवाडा, नगर, सोलापूर, खानदेशातून आलेली आहेत. काहींचे आई-वडील १९७२च्या दुष्काळात गाव सोडून आले. गावाकडे अजून माणसे आहेत, आणि तिथल्या विहिरीची बातमी फोनवर रोज इथे येते. दुसरे कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. काळू नदीच्या काठावर आपण राहतो. आपल्या भागात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आहेत. भातसाचे पाणी नदीने वाहत पिसे बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून मुंबईला जाते. पण त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतात आणि बाया हंडे घेऊन रात्री विहिरीवर बसतात.

म्हणजे दुष्काळ नुसता आभाळातून येत नाही. आपल्या डोंगरांतला काळा कातळ पाणी फारसे धरून ठेवत नाही. उतार तीव्र, त्यामुळे पडलेला पाऊस काही तासांत ओढ्याने नदीला आणि नदीने खाडीला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो. मराठवाड्यात कातळ तोच, पण पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही दरवर्षी भरवशाचा नाही. पाणी किती पडले यापेक्षा ते किती साठवले आणि कुणाच्या वाट्याला किती आले, यावर तहान ठरते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत त्यांनी मांडलेला विचार आजही लागू आहे: जास्तीचे पाणी ही आपत्ती समजून समुद्रात लोटू नका, ते साठवा, कारण माणसाचे हाल जास्त पाण्यापेक्षा पाण्याच्या अभावाने अधिक होतात.

बहात्तरने काय शिकवले

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख माणसे खडी फोडत आणि बांध घालत होती. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन त्या पिढीने दिवस काढले. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. हाताला काम आणि कामाला दाम मिळाला, म्हणून पुष्कळ जीव वाचले. दुष्काळातले पहिले औषध मजुरी हेच असते, हे आरोग्य पानावरही लिहायला हवे. घरात पैसा नसेल तर डाळ, दूध आणि भाजी आधी बंद होते.

जुन्या लोकांना आणखी एक गोष्ट आठवत असेल, ती म्हणजे नारू. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरत. नारू झालेल्याचा पाय पाण्यात बुडला की जंताची पिल्ले पाण्यात सुटत आणि तेच पाणी प्यायलेल्या माणसाच्या पायातून वर्षभराने दोऱ्यासारखा जंत बाहेर पडे. त्यावर ना लस होती ना खात्रीचे औषध. पाणी कापडाने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि लोकांना समजावणे एवढ्यावर नारू गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६मध्ये सापडला आणि २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. साध्या फडक्याने एक रोग हद्दपार होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतरही दुष्काळ येतच राहिले. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली ती पाच लाख लिटर पाणी घेऊन. आकडा मोठा वाटतो, पण एवढ्या मोठ्या शहरात ते माणशी एक-दोन लिटरच भरते. रेल्वे, टँकर हे शेवटचे उपाय आहेत. पहिला उपाय आपल्या छपरावर आहे.

छपराचा हिशोब

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. गावाकडचे पत्र्याचे किंवा कौलारू घर ४० चौरस मीटरचे धरू. सातशे मिलिमीटर पावसात त्यावर २८ हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी २२ हजार लिटर हाती येते. पाऊस निम्माच झाला, तरी ११ हजार लिटर.

आता गरज पाहू. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज सात लिटर धरले तर पाच माणसांना ३५ लिटर. फेब्रुवारी ते मे, म्हणजे १२० दिवसांना ४,२०० लिटर. पाच हजार लिटरची झाकणबंद टाकी असेल तर निम्म्या पावसाच्या वर्षीही ती दोनदा भरेल, आणि उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

एका कुटुंबाला टाकी परवडत नसेल तर चार घरांनी मिळून बांधावी, किंवा गावच्या विहाराच्या आणि समाजमंदिराच्या स्लॅबचे पाणी साठवावे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे. पन्हळीच्या तोंडाला जाळी आणि टाकीला घट्ट झाकण असावे, पाणी काढायला खाली तोटी असावी. शहरात राहणाऱ्या आपल्या लोकांनी गावाकडे काही द्यायचे ठरवले, तर अशी टाकी हे उत्तम दान आहे.

साठवलेले पाणी आणि ताप

पाणी टंचाईचे झाले की घराघरांत पिंप भरून ठेवले जातात. डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. पण ज्या घरात आठ दिवसांनी पाणी येते त्या घराने पिंप ओतून कसे द्यायचे? ओतू नका. पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. रिकामे पिंप आतून काथ्याने घासा. हे घासणे महत्त्वाचे, कारण अंडी पिंपाच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. मग पाणी परत भरा आणि तोंडाला कापड घट्ट बांधा.

आणखी एक सूचना आपल्या भागासाठी. कारखान्यांतून निघालेले निळे पिंप इथे स्वस्तात मिळतात. त्यात आधी कोणते रसायन होते हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. असे पिंप कितीही धुतले तरी त्यात प्यायचे किंवा स्वयंपाकाचे पाणी ठेवू नये.

चाळीत नळ एक-दोन तास येत असेल तर आणखी एक धोका असतो. पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो आणि फुटक्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून नळ आल्यावर पहिल्या काही मिनिटांचे पाणी प्यायला भरू नये. ते संडास-मोरीसाठी वेगळे ठेवावे. गटारातून गेलेला पाइप दिसला तर महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. कावीळ, विषमज्वर आणि जुलाब बहुतेक याच वाटेने घरात येतात.

पाणी शुद्ध कसे करावे

पाणी खळखळून उकळू लागल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे आणि त्याच भांड्यात झाकून ठेवावे. सरपण किंवा गॅस परवडत नसेल तर आरोग्य केंद्रातून मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या घ्याव्यात, वेष्टनावर लिहिलेले प्रमाण पाळावे आणि अर्धा तास थांबून मगच पाणी प्यावे. गढूळ पाणी आधी निवळून, गाळून घ्यावे. गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर चालत नाही.

गावच्या विहिरीसाठी टीसीएल पावडरचे प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम आहे. चार मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते सुमारे २५ हजार लिटर होते; त्याला ६५ ग्रॅम पावडर पुरे. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी रात्री विहिरीत सोडून ढवळावे. पिशवी उघडी किंवा ओलसर राहिलेली पावडर निकामी असते. टँकरचे पाणी ज्या विहिरीत ओततात तिथेही हे रोज झाले पाहिजे. आरोग्यसेवकाकडून ओटी टेस्ट करून घेणे हा गावाचा हक्क आहे.

एक सावधगिरी. बोअर जितकी खोल जाते तितके काही भागांत पाण्यातले फ्लोराइड वाढते. मुलांचे दात पिवळे-तपकिरी होणे, मोठ्यांची हाडे-सांधे दुखणे ही त्याची खूण. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट दाट होते. अशा बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि पिण्याला पावसाचे पाणी वापरावे.

सगळ्यात जास्त झळ बाईला

पाणी आणते बाई, आणि पाणी कमी पिते तीही बाईच. वाटेत आडोसा नाही म्हणून लघवी रोखून धरणे, लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच न पिणे, यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि मुतखडा होतो. पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नसते. बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर हंडे वाहिल्याने अंग बाहेर येण्याचा त्रास वाढतो. घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी पाण्याची खेप वाटून घ्यावी. हा उपकार नव्हे, घरच्या आरोग्याचे काम आहे. लघवी गडद पिवळी होत असेल तर शरीर पाणी मागते आहे असे समजावे.

मुलाला जुलाब झाले तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (छोटा, चहाचा चमचा) घालून थोडे थोडे पाजत राहावे. अंगावरचे दूध बंद करू नये. आरोग्य केंद्रातून ओआरएस आणि १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्या घ्याव्यात. डोळे खोल गेले, मूल सुस्त झाले, पाणी पिईना, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. अंगणवाडीत पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाचे माप घ्यायला लावावे. साडेअकरा सेंटिमीटरहून कमी असेल तर ते तीव्र कुपोषण आहे.

पीक गेलेल्या घरात कर्ता माणूस गप्प गप्प राहू लागला, झोप उडाली, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

हक्क मागावा लागतो

दरवर्षी तालुक्यात ऑक्टोबर ते जूनसाठी टंचाई आराखडा तयार होतो. विहिरीतला गाळ काढणे, विंधन विहीर, खासगी विहिरीचे अधिग्रहण, टँकर ही कामे त्यातूनच मंजूर होतात. आपल्या वस्तीचे नाव त्यात आहे का, हे दिवाळीच्या सुमारास ग्रामसेवकाला विचारावे. नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडावा. टँकरचा निकष माणशी रोज २० लिटरचा आहे. टँकर कुठे रिकामा होतो, वस्तीपर्यंत येतो का, किती खेपा होतात, याची वही वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी ठेवावी. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी खासगी विहीर किंवा बोअर घेण्यावर भूजल कायद्याने बंधन आहे, हेही माहीत असावे.

आणि कुणी जातीवरून पाणवठ्यावर अडवले, तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. त्यानंतर कोर्टात दहा वर्षे झगडून १९३७मध्ये हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तो हक्क टँकरच्या रांगेतही तितकाच लागू आहे.

१४ एप्रिलला आपल्यापैकी अनेक जण जयंतीसाठी गावी जातात. तेव्हा उन्हाळा ऐन भरात असतो. मिरवणुकीच्या वाटेवर झाकलेल्या, क्लोरीन टाकलेल्या पाण्याची सोय करावी आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. त्याच मुक्कामात विहिरीत किती हात पाणी उरले ते मोजून यावे, आणि पुढच्या पावसाआधी कुणाच्या छपराला पन्हळ बसवायची हे विहारात बसून ठरवावे. पन्हळ मृगाआधी बसली पाहिजे.