अटलांटिकचा प्रवाह थांबला तर

निसर्गातील बदल संथ गतीने होतात, असा समज शालेय भूगोलाने आपल्या मनात पक्का केला आहे. तापमान वाढेल, बर्फ वितळेल, पण हळूहळू. माणूस जुळवून घेईल! अटलांटिक महासागरातील अभिसरण या समजाला तडा देते.

विषुववृत्ताकडील उष्ण, खारट पाणी पृष्ठभागावरून उत्तरेकडे जाते. ग्रीनलंडच्या आसपास ते थंड होते. थंड आणि खारट पाणी जड असते. म्हणून ते दोन-तीन किलोमीटर खोल बुडते आणि खालून दक्षिणेकडे परतते. २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ पासून याचे मापन चालू आहे. सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी! जगातील साऱ्या नद्या एकत्र केल्या तरी याच्या दशांशही भरत नाहीत.

या साऱ्याचे मर्म मिठात आहे. वितळत्या बर्फाचे गोडे पाणी मिसळले की वरचा थर हलका होतो, बुडत नाही. प्रवाह मंदावतो. तो मंदावला की दक्षिणेकडून येणारे मीठही घटते, पाणी आणखी हलके होते, प्रवाह आणखी मंदावतो. एका मर्यादेनंतर ही घसरण स्वतःच्याच जोरावर चालते. अशा प्रवाहाच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात, हे हेन्री स्टोमेल यांनी १९६१ साली साध्या गणिताने दाखवले. म्हणजे ज्या कारणाने प्रवाह थांबला ते दूर केले, तरी तो पुन्हा सुरू होईलच असे नाही. खरे भय येथे आहे.

हा प्रवाह या शतकात मंदावेल, हे आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालाने अत्यंत संभाव्य मानले. २१०० पूर्वी तो एकाएकी कोसळणार नाही, याविषयी मात्र मध्यम खात्री दिली. मध्यम खात्रीच्या पुलावरून आपण आपली मुले पाठवू काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये ४४ शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून हा धोका कमी लेखला गेल्याचे बजावले. पत्र नॉर्डिक देशांच्या मंत्रिपरिषदेला होते. ते योग्यच, तेथे कडाक्याची थंडी पडेल.

परंतु प्रवाह थांबला की विषुववृत्तीय पावसाचा पट्टाही दक्षिणेकडे सरकतो. हिमयुगात तो दुबळा झाला तेव्हा आशियाचा मान्सूनही दुबळा झाला. गुहांतील चुनखडीच्या थरांत त्याची नोंद आहे. साहेलमधील कोरडवाहू बाजरी आणि आपल्याकडील कोरडवाहू ज्वारी याच पावसावर उभ्या आहेत. ज्या धुराने हा बर्फ वितळतो आहे, त्यात या शेतांवर राबणाऱ्यांचा वाटा नगण्य आहे. धोका किती पत्करायचा, हे मात्र त्यांना कोणी विचारलेले नाही.