म्हातारा बैल खुंट्यालाच ठेवू नका

धायरी गाव २०१७ साली पुणे महापालिकेत आले. शिवाराचे प्लॉट पडले, औत सुटले. तिथल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे जोडीतला एकच बैल उरला आहे. वय पंधरा. वर्षभर तो एकाच खुंट्याला होता. "साहेब, ह्याला आता काही कळंना. हौदावर सोडला तर मधीच उभा राहतो. पूर्वी मी गाडीत झोपायचो, हा अंधारात घर गाठायचा," मालक म्हणाले.

मी आधी बैलाचे डोळे आणि खूर पाहिले. मोतीबिंदू किंवा वाढलेले खूर यांमुळेही जनावर अडते. ते पशुवैद्यकाला दाखवून घ्यावे. याचे डोळे चांगले होते, खूर मात्र वाढलेले. ते साळून घेतले. तरी माझा संशय खुंट्यावरच होता.

म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवर दोन वर्षांहून अधिक काळ प्रयोग झाला. निष्कर्ष २००५ मध्ये आले. काही कुत्र्यांना जीवनसत्त्वयुक्त खुराक दिला. काहींना फिरवले, सोबतीला दुसरे कुत्रे आणि खेळणी दिली. काहींना दोन्ही दिले. मग काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांपैकी कोणत्या ठोकळ्याखाली खाऊ आहे, हे त्यांना ओळखायला लावले. दोन्ही मिळालेली कुत्री सर्वांत सरस ठरली. चाकावर पळणाऱ्या म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूत, आठवणीशी संबंधित भागात, नव्या पेशी वाढल्याचेही आढळले आहे. आम्हाला कॉलेजात बैलाची ओढ शिकवली, वैरण शिकवली. त्याच्या आठवणीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही!

हे प्रयोग बैलावरचे नव्हेत. पण फिरवण्याला खर्च काय येतो? सकाळी उन्हाआधी आणि सायंकाळी कासरा धरून अर्धा तास सावकाश न्यावे. वाट अधूनमधून बदलावी. दुपारी नको, ओझे तर नकोच. दुसऱ्या जनावराच्या नजरेत बांधावे, खरारा करावा, नावाने हाक मारावी. घरचा म्हातारा कुत्रा दिवसा झोपून रात्री उगाच भुंकत असेल, ओळखीच्या आवारात वाट चुकत असेल, तर त्यालाही साखळीवर टाकू नये. तपासून घ्यावा आणि रोज फिरवावा.

मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. तेव्हा त्याची उरलेली वर्षे बहुधा आपल्याच दावणीला जायची.

धायरीचा बैल दोन महिने घरातला नातू फिरवत होता. परवा गेलो तेव्हा दावे सोडताच तो हौदाकडे निघाला. खुरांचा गुण किती, फिरण्याचा किती, ते मला वेगळे काढता येणार नाही. मालकांनी मात्र खुंटा उपटून कडब्याच्या गंजीपाशी टाकला होता.