वाजते म्हणून धडधाकट?

सन २००० च्या आगेमागे घरोघरी लग्नाची चित्रणे, आजीच्या आवाजातल्या ओव्या कॅसेटवरून सीडीवर उतरल्या आणि त्या कायमच्या जपल्या गेल्या, असे आपण धरून चाललो. ते कितपत खरे आहे?

दुकानात मिळणाऱ्या गाण्यांच्या सीडीत माहितीचे खळगे साच्यातून उमटवलेले असतात. आपण भरतो त्या सीडी-आरमध्ये मात्र सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेसर त्यावर खुणा भाजतो. रंग म्हटला की ऊन, उष्णता आणि दमट हवा हे त्याचे वैरी आलेच. रंगांतही फरक आहे. सायनिन, अ‍ॅझो आणि थॅलोसायनिन हे त्याचे मुख्य प्रकार. अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत थॅलोसायनिन आणि सोने-चांदीच्या मिश्रधातूचा आरसा असलेल्या सीडी-आर सर्वांत टिकाऊ ठरल्या.

हा आरसा रंगाच्या लगेच वर असतो आणि त्यावर फक्त लाखेचा लेप. त्यामुळे खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा नाव लिहिण्याच्या बाजूचा ओरखडा अधिक घातक. डीव्हीडीत हे थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये चिकटवलेले असल्याने ओरखड्यांपासून बचावतात.

वेष्टनावरचे ‘शंभर वर्षे’ हे आकडे जास्त उष्णतेत आणि दमटपणात तबकड्या ठेवून, त्यावरून थंड, कोरड्या जागेसाठी काढलेले अंदाज असतात. पत्र्याखालचा माळा किंवा कोकणातला पावसाळा त्यात धरलेला नसतो.

सर्वांत फसवी गोष्ट वेगळीच आहे. सीडीवर मूळ माहितीसोबत चुका दुरुस्त करणारे जादा आकडेही लिहिलेले असतात. त्यामुळे रंग विटत गेला तरी गाणे स्वच्छ वाजते. चुका दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेल्या की तीच तबकडी अडखळते. म्हणून मी माझ्या संग्रहातल्या सीडी वाजवून पारखत नाही. चुका मोजणाऱ्या ड्राइव्हवर तपासतो. प्रमाणाने सेकंदाला सरासरी २२० सदोष गटांची मर्यादा घातली आहे. आकडा दरवर्षी चढू लागला, की मर्यादा गाठण्याची वाट न पाहता नक्कल काढतो.

असा ड्राइव्ह नसेल, तर दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा डबा उघडा आणि सीडीतला ऐवज दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. सीडी अजून वाजते आहे, तोवरच हे काम सोपे आहे.