शेडमध्ये विजेचा हिटर बसवताना

खानदेश म्हटला की लोकांना उन्हाळा आठवतो. भुसावळ-जळगावचे ऊन साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण पौषातली पहाट कशी असते, ते आपल्यालाच ठाऊक. सातपुड्याकडून गार वारा सुटतो. केळीची पाने पिवळी पडतात. धुळ्याकडे तर एखाद्या वर्षी पारा पाच-सहा अंशांवर उतरतो.

पूर्वी घराला जोडून गोठा असे. आता पुष्कळ घरी त्या जागी पत्र्याची शेड आली आहे. तिच्यात ट्रॅक्टर उभा असतो, मोटारसायकल असते. शहरात अशा जागेला गॅरेज म्हणतात. पण आपली शेड म्हणजे नुसती गाडीची जागा नव्हे. एका कोपऱ्यात कापूस रचलेला असतो, भाव वाढेल म्हणून थांबवलेला. डिझेलचा डबा असतो. कडब्याच्या पेंढ्या असतात. आणि दाराशी बाज टाकून घरातले आबा निजतात, कारण राखण कोणीतरी करायचीच असते.

थंडी वाढली की मुलगा म्हणतो, "आबा, तुम्हाला हिटर आणून देतो." मुलाची माया खरी आहे. हिटर आणणेही सोपे आहे. दुकानात पैसे मोजले की मिळतो. बसवणे मात्र समजून-उमजून करावे लागते.

हिटर नको म्हणून काही जण घमेल्यात निखारे घेतात आणि दार लावून निजतात. हे मात्र कधीही करू नका. बंद जागेत कोळसा धुमसला की एक विषारी वायू तयार होतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी डोके जड वाटते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून तो उठत नाही. शेकोटी अंगणातच बरी. विजेच्या हिटरमध्ये काही जळत नाही, म्हणून हा वायू होत नाही. हिटरचा हा मोठा गुण आहे.

हिटर तापतो कसा? वीज तारेतून वाहते तेव्हा तार थोडीफार तापतेच. इंग्लंडात जूल नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी 1841 साली दाखवून दिले की तारेतला प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. हिटरमध्ये मुद्दाम अशी तार घालतात की जी विजेला अडवते आणि लाल होईपर्यंत तापते, पण वितळत नाही. ती निकेल आणि क्रोमियम या धातूंची असते. तिला नायक्रोम म्हणतात. अमेरिकेत 1906 साली तिचे पेटंट दिले गेले. तुमच्या घरी विजेची शेगडी असेल तर तिच्यातली वेटोळ्यांची तार हीच.

जूलसाहेबांचा तो नियम नीट लक्षात ठेवा. हिटरची तार तापावी हे आपल्याला हवेच असते. पण हिटरपर्यंत येणारी भिंतीवरची तार तापावी हे आपल्याला नको असते. वीज दोन्हींतून सारखीच वाहते! भिंतीवरची तार बारीक असेल, तर तीही तापते. तिचे प्लॅस्टिक मऊ होते, जळते, आणि आग लागते. ती आग हिटरपाशी नव्हे, तर भलतीकडेच, वर छपराजवळ लागते. कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आता थोडे गणित करू. मोठा हिटर 2000 वॉटचा असतो. घरातला एलईडी बल्ब 9 वॉटचा. म्हणजे एक हिटर लावणे हे दोनशेवर बल्ब एकदम लावण्यासारखे झाले. शेडमध्ये पूर्वी कोणीतरी एका बल्बापुरती बारीक तार नेलेली असते. तिला हिटर जोडणे म्हणजे ठिबकच्या नळीला पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीचे पाणी जोडणे. नळी फाटते. तार पेटते.

2000 वॉटचा हिटर सुमारे 9 अँपिअर वीज घेतो. लहान सॉकेट 6 अँपिअरचे असते. त्यात हिटरची पिन बसत नाही, म्हणून लोक मधे जोड लावतात, किंवा पिन कापून तारा थेट भोकात खुपसतात आणि काडीने दाबतात. हे पाहून अंगावर काटा येतो. हिटरला मोठे, तीन भोकांचे 16 अँपिअरचे सॉकेटच हवे. मुख्य बोर्डापासून त्याच्यासाठी वेगळी तार ओढून घ्यावी. तार तांब्याची, 2.5 चौरस मिलिमीटरची असावी. शेड घरापासून लांब असेल तर 4 ची घ्यावी. तिला स्वतःचा 16 अँपिअरचा एमसीबी असावा. एमसीबी म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे बटण. ते वरचेवर पडते म्हणून कित्येक जण जास्त अँपिअरचे बसवतात. मग तार जळते, पण बटण पडत नाही.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. गावात हुशार पोरे असतात, नाही असे नाही. पण चूक झाली तर ती आबांच्या जिवावर बेतते. हिटरवर आय.एस.आय. चा शिक्का पाहून घ्यावा. आधी आपला मंजूर भारही पाहावा. कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्यावा. शेतीपंपाच्या लाइनीवर हिटर लावू नये. आणि आकडा टाकणे तर नकोच. 2003 च्या वीज कायद्याने ती चोरी आहे, आणि तिला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय आकड्याच्या तारेला ना फ्यूज, ना अर्थिंग.

अर्थिंगचा विषय निघालाच आहे, तर तो सविस्तर सांगतो. आपल्याकडे याच गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

हिटरचे अंग लोखंडी पत्र्याचे असते. आतली तार कधी ढिली होऊन त्या पत्र्याला टेकली, तर सगळा हिटर जिवंत होतो. त्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून वीज जमिनीत जाते. शेडची जमीन बहुधा मातीची, ओलसर. आबा अनवाणी. मग झटका साधा बसत नाही. हे टाळण्यासाठी विजेला जमिनीत जायला दुसरी सोपी वाट करून देतात. तिचे नाव अर्थिंग. पिनेच्या तीन दांड्यांपैकी जाड आणि लांब दांडी अर्थिंगची. ती लांब का? पिन खोचताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. पुष्कळ जण ती दांडी मोडून टाकतात. मोडू नका.

पण दांडी असून भागत नाही. ती तार पुढे जमिनीत खोल गेली पाहिजे. सुमारे अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप खड्ड्यात उभा करतात. त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात, म्हणजे ओल टिकते. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते. चैत्र-वैशाखात ती आटते, तिला भेगा पडतात, आणि माती पाइपापासून सुटते. मग वीज जमिनीत नीट जात नाही. म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. हिवाळ्यात हिटर सुरू करण्याआधी तर ओतावेच. तुळशीला पाणी घालता, तसे एक तांब्याभर इथेही घाला म्हणजे झाले!

याच्या जोडीला बोर्डावर आरसीसीबी नावाचे यंत्र बसवून घ्यावे. ते 30 मिलिअँपिअरचे मागावे. वीज कुठे गळू लागली की ते डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडते. त्याच्यावर एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. यंत्र पडले पाहिजे. पडले नाही तर ते बिघडले आहे असे समजून बदलून घ्यावे.

आता जागा. माझे मत स्पष्ट आहे. ज्या शेडमध्ये कापूस रचला आहे, तिथे हिटर लावूच नये. कापसाची आग लगेच भडकते असेही नाही. ठिणगी आत शिरते, तासन् तास धुमसते, आणि मध्यरात्री वर येते. आधी कापूस आणि कडबा हलवा, डिझेलचा डबा हलवा. नाहीतर आबांची बाज घरात हलवा. ते ऐकत नाहीत, हे मला माहीत आहे. पण प्रयत्न करा.

मोटारसायकलच्या पेट्रोलची वाफ थंडीतही उडते. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून जमिनीलगत पसरते. तिला विजेच्या बटणाची ठिणगीही पुरते. यासाठी रात्री मोटारसायकल बाहेर काढावी. हिटर जमिनीवर न ठेवता भिंतीवर घट्ट बसवावा. सॉकेट जमिनीपासून चार फुटांवर असावे. हिटरपासून गोधडी, धोतर, पोते, सगळे निदान एक मीटर दूर हवे. हिटरवर ओले कपडे वाळत घालू नयेत.

हिटर कोणता घ्यावा, असे विचारतात. पंख्याचा हिटर हवा तापवतो. पत्र्याच्या शेडमध्ये ती हवा वर जाते आणि फटींतून निघून जाते. लाल दांडीचा हिटर समोरच्या माणसाला थेट ऊब देतो, म्हणून उघड्या शेडमध्ये तोच बरा. मात्र आधी फटी पोत्यांनी बुजवा, आणि हवा खेळायला एक झरोका ठेवा. आपली जुनी धाब्याची घरे जाड मातीची. ती रात्री फार गार पडत नसत. पत्रा सूर्य मावळताच गार होतो.

खर्चाचेही पाहा. 2000 वॉटचा हिटर तासाला 2 युनिट खातो. रात्री सहा तास चालवला तर 12 युनिट. महिन्याला 360. युनिटे वाढली की दरही चढतो. वीज एवढी महाग का? भुसावळजवळ दीपनगरला विजेचे मोठे केंद्र आहे. तिथला पहिला संच 1968 साली सुरू झाला. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने चाक फिरवतात, चाकाने वीज होते. या खटाटोपात कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशच विजेत उतरते. तीच वीज आपण घरी आणतो आणि पुन्हा तिची उष्णता करतो. म्हणून निजण्याआधी तासभर हिटर लावावा, अंथरूण गरम झाले की बंद करावा, आणि मग गोधडी पांघरावी. झोपेत हिटर चालू ठेवू नये.

नवा हिटर लावला की पहिल्या दिवशी अर्धा तास जवळ बसा. मग बंद करून, पिन काढून, पिनेला हात लावून पाहा. कोमट लागली तर ठीक. चटका बसला तर सॉकेट ढिले आहे. वायरमनला बोलवा.

कोणाला झटका बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडाने माणसाला सोडवा. आग लागली तर वीज तोडल्याशिवाय पाणी टाकू नका. वाळू किंवा माती टाका. मदतीसाठी 112 ला फोन करा. खांबावरची तार तुटली असेल तर 1912 वर महावितरणला कळवा.

होळी झाली की हिटर पुसून, पोत्यात बांधून वर ठेवा. दिवाळीनंतर काढाल तेव्हा आधी धूळ झटका. मग तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपून पाहा. शेडमध्ये उंदीर असतातच. कुरतडलेल्या जागी चिकटपट्टी लावून चालत नाही. तार नवीनच घालून घ्या.